उंदराच्या कानातले नारिंगी दाणे

बाई,

आधी वस्तुस्थिती, घडली त्या क्रमाने, मत नंतर. ही शिस्त तुमचीच. मांजरी गावात आमच्या इमारतीच्या कुंपणापलीकडे ऊस होता. तो तुटला, पुन्हा लावला गेला नाही. जमीन बिल्डरने घेतली आणि तशीच टाकून दिली. तिथे कमरेएवढं गवत माजलं. त्यानंतर आमच्या पार्किंगमध्ये उंदीर दिसू लागले. पावसाळा सरता सरता माळ्याच्या बायकोला ताप आला. ती कुंपणालगतच्या पत्र्याच्या खोलीत राहते आणि त्याच गवतातून शेळीसाठी चारा कापते. नेहमीच्या गोळ्यांनी ताप उतरेना. त्याच आठवड्यात मी पार्किंगमध्ये पिंजरा लावला.

सापडला तो साधा घरउंदीर. मी आधी कान पाहिले. आम्ही विद्यार्थी उंदराच्या पिसवा विंचरून काढायच्या घाईने थेट कंगव्याला हात घालायचो, तेव्हा तुम्ही मागे येऊन उभ्या राहत असा आणि म्हणत असा, "कंगवा घरी वापरा, स्वतःच्या केसांना. इथे आधी कान." कानाच्या घडीत नारिंगी दाण्यांचा पुंजका होता. भिंगाखाली शंका उरली नाही: चिगर, शेतातल्या माइटच्या अळ्या, ज्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा ताप होतो. मी बराच वेळ नुसती पाहत राहिले. कारण याच मांजरीत, उसाच्या बांधावर उंदीर तपासत तुमच्या शेजारी उकिडवी बसलेली मी मला अजून दिसते. शेतउंदराचा कान नारिंगी, वस्तीतल्या घरउंदराचा स्वच्छ. "शेताचं शेतात, घराचं घरात," तुम्ही ट्रेवरून मान वर न करता म्हणता, आणि मी ते वाक्य पुढे आयुष्यभर वर्गात शिकवते.

उंदीर बाजूला ठेवून मी माळ्याच्या खोलीवर गेले. अंगावर कुठे काळी खपली आहे का, असं त्या बाईला विचारलं; चिगर चावतो तिथे ती धरते. तापाने डोळे लाल झालेले, तरी ती हसली. "ढेकूण चावलाय, मॅडम. त्याला बी डिग्री लागती व्हय?" कमरेच्या पट्ट्याखाली खपली होती, विडीचा चटका बसावा तशी, आणि दुखत मुळीच नव्हती. डॉक्टर विषाणूजन्य ताप म्हणत होते. तुमचं 'शेताचं शेतात'ही त्यांच्याच बाजूचं. पण तिला धाप लागू लागली होती. मी कान, खपली आणि संशय, या क्रमाने चिठ्ठी लिहून तिला त्याच दुपारी दवाखान्यात पाठवलं. औषध बदललं, ताप उतरला. आता ती पुन्हा चारा कापते, माझ्या सांगण्यावरून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मोजे घालून, आणि मला पाहिलं की मोजे मुद्दाम वर ओढते.

मग सोसायटीची सभा झाली. अध्यक्षांना दुसऱ्याच दिवशी सगळीकडे विष टाकायचं होतं आणि माळ्याची खोलीही हलवायची होती. मी सांगितलं की उंदीर मेला की पिसवा त्याचं थंड पडलेलं अंग सोडून दुसरं ऊबदार अंग शोधतात, आणि सर्वांत जवळची अंगं त्या पत्र्याखाली झोपतात. म्हणून आधी बिळांत कीटकनाशक, मग गवत, विष शेवटी. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, उंदीर मारायचेत, त्यांची मुंज नाही लावायची." सगळे हसले. मी हसले नाही. क्रम पुन्हा सांगितला. तो मान्य झाला, खोलीही राहिली. गवत येत्या रविवारी निघणार आहे.

आता मत, म्हणजे खरं तर प्रश्न. बांध गेला, ऊस गेला; मग शेत कुठे संपतं आणि घर कुठे सुरू होतं, हे उंदराने कशावरून ओळखावं? तुमचं वाक्य चुकीचं होतं, की ज्या जमिनीविषयी तुम्ही ते म्हणालात ती जमीनच उरली नाही? गवत काढल्यावर त्यातले सगळे उंदीर भरलेल्या कानांनिशी त्या पत्र्याच्या खोलीत शिरले तर? पाकिटावर नारायण पेठेतला तुमचा पत्ता घातला आहे. तुम्ही गेल्यानंतर तिथे कितीतरी वर्षं दुसरं कुटुंब राहतं, तेव्हा पाकीट माझ्या टेबलावरच राहील. सभेत मी जितक्या ठामपणे बोलले तितकी माझी खात्री नव्हती. हे दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

रविवारच्या आत उत्तर द्यावं. लेखी, कारणांसह.