हॅश जुळेना, मी वाकेना

आदरणीय भाऊजींना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार (हल्ली वाकतो तो फक्त तुमच्यापुढे). गुडघा जिना चढू देतो का? ताईची सर्दी गेली असेल. ती माझ्याशी बोलत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो.

का बोलत नाही, ते माझ्याच तोंडून ऐका. तुमच्या कंपनीने आमच्या रक्ततपासणीच्या लॅबला नवे सॉफ्टवेअर पाठवले, एका फाइलीत बांधलेले गाठोडेच ते. लोक फाइल नावावरून ओळखतात. भाऊजी, नाव कुणीही कुणालाही लावावे. राज्ये बुडाली ती नावावर विश्वास ठेवूनच. फाइलीची खरी ओळख म्हणजे तिचा हॅश, आतल्या अक्षर न् अक्षरावरून गणिताने निघणारी आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ. आत एक टिंब हलवा, सगळी ओळ बदलते. सोमवारी तुमच्या कंपनीने कळवलेल्या हॅशशी मी तो ताडून पाहिला. जुळला. (तपासलेल्या वस्तूवर मी खूण करतोच, दुधाच्या बाटलीवरही ‘तपासली’ लिहितो म्हणून ताई लहानपणापासून हसते.) मंगळवारी बसवण्याआधी पुन्हा पाहतो, तर हॅश वेगळा. मी काम थांबवले. बाकावर पेशंट उपाशीपोटी ताटकळलेले. रक्त काढणाऱ्या बाई म्हणाल्या, “अहो, काल जुळला होता ना? रात्रीत फाइलीला पाय फुटले की काय?” मी तिथेच स्टुलावर चढून विश्वासघात या विषयावर बोललो. दोघांनी टाळ्या वाजवल्या, एकाला चक्कर आली. मालकीणबाई इतक्या पेटल्या की तुमच्या कंपनीचे काम बंद करायच्या कागदावर उद्या दुपारी सही करणार आहेत. तुमची नोकरी जाईल, पण मान ताठ राहील (माझी). तत्त्वापुढे नाते कसले?

लोभ असावा, निदान तुमचा तरी.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. : सोमवारी हॅश जुळल्यावर मी ती फाइल उघडून आतल्या माहितीच्या पानावर एक ओळ लिहिली होती : ‘तपासली. बदल नाही.’ आता ती पुसून गाठोडे पुन्हा बांधले, तर हॅश तिसराच येतो (बांधल्याची वेळही आत नोंदली जाते). मूळ फाइल उद्या सकाळी गुपचूप पाठवा. सही मी थांबवतो. भाषण तयार आहे, विषय क्षमा.

ता. क. २ : राहवले नाही, ताईला फोन करून हे सांगितले. बोलली नाही, नुसती हसत राहिली. म्हणजे ताई तपासली. बदल नाही.