पिकअपमागचा ट्रेलर

१२ जानेवारी १९५८, कळस
थोरल्या दिरांनी, जोतीरामभाऊजींनी, आज ट्रेलर आणला. चार चाकी, लोखंडी, ट्रॅक्टरमागं जोडतात तसला. आपल्याकडं ट्रॅक्टर कुठाय? आहे ती लष्कराच्या लिलावातली जुनी पिकअप. पेरूच्या पाट्या बारामती स्टेशनापर्यंत नेते, तेवढाच तिचा जीव. आता म्हणे तिच्यामागं हे धूड जोडून भवानीनगरच्या साखर कारखान्यावर ऊस न्यायचा.

मी म्हणाले, "ह्याला ब्रेक न्हाय. उतारावर ह्यो गाडीलाच ढकलंल."

"तुला कुणी सांगितलं?" भाऊजी म्हणाले.

कुणी सांगायला कशाला हवं? इंदापुरात वडिलांच्या, आबांच्या भात्यापाशी वाढले मी. पन्नास बैलगाड्या बांधताना पाहिल्यात. उतारावर ओझं बैलांना कसं रेटतं, ते मला कळतं.

१३ जानेवारी
सोपान थोरल्या भावापुढं तोंड उघडत नाही. (नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. वहीत मी घेणार.)

१५ जानेवारी
उद्या ऊस भरणार. सासूबाई म्हणाल्या, "रतन, तू तुझ्या भाकरी बघ." भाकरी केल्या. मग खळ्यात सगळ्यांसमोर जाऊन पुन्हा तेच सांगितलं. भाऊजी म्हणाले, लोहाराची पोर आता इंजिनियर झाली. झाले तर झाले!

१६ जानेवारी
ओढ्याच्या उतारावर ट्रेलरनं गाडी रेटली. सोपाननं ब्रेक दाबला तशी पिकअप आडवी झाली आणि बाभळीवर गेली. त्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. माणूस वाचला.

भाऊजी म्हणाले, "रस्त्याला निसरडं हुतं."

रस्ता कोरडा ठक्क होता. मी तो पायानं चालून बघून आले.

२० जानेवारी
सोपानला प्लास्टर घातलंय. मी इंदापूरला आले. आबांना म्हणाले, दोन चाकांचा ट्रेलर करून द्या, हलका. ते म्हणाले, "सासरच्यांना इचारलंस का?"
"न्हाय."
आबांनी भट्टी पेटवली.

२४ जानेवारी
आबांचा दोन चाकी ट्रेलर आला, पिकअपही ठोकून चालती झाली. कळंबचा गेणू ड्रायव्हर बोलावला. पेरूच्या पाट्या भरताना भाऊजींनी मुद्दाम मागं भार टाकायला लावला. ट्रेलर उलार होऊन मागं कलला, पुढचा हूक वर उचलला जायला लागला. पिकअपची मागची चाकं जमीन सोडतील की काय, असं वाटलं. "बघा, बघा तुमचा ट्रेलर," भाऊजी म्हणाले.

मी पदर खोचला. मागच्या आठ पाट्या उचलून पुढं रचल्या. बैलाच्या मानेवर जू टेकावं तेवढाच भार हुकावर ठेवला. जास्त नाही, कमी नाही.

दुपारी गेणू बारामतीहून परतला. म्हणाला, "वैनी, मागं कायतरी हाय का न्हाय, तेच कळत नव्हतं." भाऊजी तिथंच बसले होते. उठून गेले.



२७ जानेवारी
भाऊजी ओसरीवर म्हणाले, "माझी गावात शोभा झाली. आता येगळं निघा." सासूबाई रडल्या. सगळे माझ्याकडं बघत होते. मी खाली बघितलं नाही. माझं चुकलं असतं तर बघितलं असतं. पण रात्रभर वाटत राहिलं, सोपान आता मला काय म्हणेल?

२९ जानेवारी
वाटण्या झाल्या. सोपाननं विहिरीजवळचा तुकडा सोडला. बदल्यात पिकअप आणि दोन चाकी ट्रेलर मागून घेतला. मला विचारलंसुद्धा नाही.

भाऊजी म्हणाले, "हात मोडलेला माणूस गाडी चालवणार कशी?"

सोपान पहिल्यांदा त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलला, "मी न्हाय. ती चालवंल."

मी अजून स्टेअरिंगला हातही लावलेला नाही.