झोका टोकाला पोचतो तेव्हा

प्रिय बडबडे,

शाळेमागचा तो करकरणारा झोका आठवतो? त्या सकाळी गणिताच्या सिस्टर वैतागून म्हणाल्या होत्या, "मुलींनो, प्रत्येक गोष्टीला लिमिट असते!" आणि तू उभी राहून साळसूदपणे विचारलंस, "सिस्टर, नसली तर?" वर्ग खिदळला. शाळा सुटेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, अशी शिक्षा झाली. तीही तुला! मला वाटलं, आता ही फुटणार.

मधल्या सुट्टीत तू मला झोक्यावर बसवलंस, कारण वेग कसा बदलत जातो हे फळ्यावरचं गणित माझ्या डोक्यावरून गेलं होतं. तू मुकाट्याने झोका दिलास आणि समोर येऊन उभी राहिलीस. मी टोकाला पोचले की मूठ मिटायचीस, खालून सुसाट गेले की बोटं फाकायचीस. मूठ, बोटं, मूठ. अचानक माझी ट्यूब पेटली: सगळ्यात उंच असते तेव्हाच माझा वेग शून्य, आणि मधून जाते तेव्हा सगळ्यात जास्त. सिस्टरांना महिनाभर जमलं नव्हतं ते तुझ्या हाताने केलं.

पुढे तू इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना गणित शिकवू लागलीस. एकदा मी मागच्या बाकावर येऊन बसले होते. उणे एकाच्या वर्गमुळाला गणितवाले 'आय' म्हणतात, मग आपण 'जे' का, असं कुणीतरी विचारलं. तुमच्यात 'आय' हे करंटचं चिन्ह. तू म्हणालीस, "अरे, आयच्या खुर्चीत करंट आधीच पाय पसरून बसलाय. त्याला उठवायचं कुणी?" मी अख्खा जन्म ग्रंथालयात काढला, शिकवणारे पुष्कळ पाहिले, पण अवघड गोष्टीला अशी मांडीवर घेऊन थोपटणारी तू एकटीच.

माझी नात आता तेच शिकते आहे आणि वीज साठवणाऱ्या कपॅसिटरपाशी अडली आहे. "आजी, व्होल्टेज सगळ्यात जास्त आणि नेमका तेव्हाच करंट शून्य? काहीतरीच!" सोमवारी कॉलेजातून नाव काढणार म्हणते. अगं, हा तर आपला झोकाच! मी सांगून पाहिलं, पण माझ्या तोंडून नुसतं झोक्याचं वर्णन होतं. पोरगी जांभया देते.

घशाच्या ऑपरेशननंतर तू शिकवणं सोडलंस. "आवाजच गेला, आता माझ्यात उरलं काय?" असं लिहून कळवलंस. वेडे, मला जन्मभर पुरलं ते शिकवलंस, त्या दिवशी तू एक अक्षर तरी बोलली होतीस का? टोकाला वेग शून्य असतो, झोका संपलेला नसतो. हे मी नाही म्हणत, तुझी मूठ म्हणते.

म्हणून हे पत्र. रविवारी नात तुझ्याकडे येते आहे. तुझ्या घरासमोरच्या बागेत झोका आहे, मागच्या खेपेला मी बघून ठेवलाय. तिच्याजवळच्या खोक्यातला आमच्या ह्यांचा, विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप तुझ्या जुन्या प्रयोगशाळेला दे. धूळ खाण्यापेक्षा मुलांनी हाताळलेला बरा. त्यातलीच पाटी आणि खडू तुझ्या उशाशी राहू देत. निळा मफलर तुझ्या गळ्यासाठी, मी विणलाय. टाके मोजू नकोस. लोकरीचे मोजे भाऊजींना, तुझी बडबड इतकी वर्षं ऐकल्याबद्दल.

आणि पोरगी तुला. सोमवारच्या आत तिचीही ट्यूब पेटव.

तुझीच,
घुमी