शोकेसमधला कॉन्टॅक्टर

सोमवार, ४ मे. सकाळी ७

आईच्या खोलीतला एसी कालपासून नुसता वारा फेकतोय. गार म्हणून होत नाही. तिच्या पायाला प्लास्टर, त्यात हा उकाडा. बिचारी वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत बसते. बायको म्हणाली, मेकॅनिकला फोन करा. म्हटलं, कशाला? इंजिनिअरिंगला माझी अ‍ॅडमिशन जवळजवळ झाली होती.

सायंकाळी ६

तीन व्हिडिओ पाहिले. निदान झालं. गॅलरीतल्या युनिटमध्ये कॉन्टॅक्टर नावाचा जाडजूड स्विच असतो. तो खटकन बसला की कॉम्प्रेसरला करंट मिळतो. आपला बसत नाही. बदलायचा. वीस मिनिटांचं काम.

घाई आहे. शनिवारपर्यंत खोली गार झाली नाही तर मावसभाऊ गाडी घेऊन येणार आणि आईला त्याच्याकडे नेणार, असं त्याने परस्पर ठरवलंय. आई गेली तर मला खरंच करमणार नाही. शिवाय तो जन्मभर ऐकवेल ते वेगळंच.

मंगळवार, ५ मे

दुकानदाराने विचारलं, कॉइल किती व्होल्टची? जुना पीस आणलाय का? धंद्यात बसलेत आणि गिऱ्हाइकाला विचारतात! म्हटलं, सगळ्यात दणकट असेल तो द्या. चारशे पंधराचा दिला. घरात दोनशे तीसच येतात म्हणे. असू दे. जास्त आले तर सोसेल.

बुधवार, ६ मे

स्क्रूड्रायव्हर सापडला. मूड सापडला नाही.

गुरुवार, ७ मे. सकाळी ११

रजा टाकली. मेन स्विच बंद केला (मी काही बेफिकीर माणूस नाही). वायरींचा फोटो काढला. जुना कॉन्टॅक्टर उचकटला. आत काळे काळे ठिपके. जळाल्याच्या खुणा! निदान तंतोतंत. बायकोला ऑफिसात फोन करून कळवलं. ती मीटिंगमध्ये होती.

दुपारी ३

एसी चालू केला. नुसतंच घुर्रर्र. खटका नाही. आई म्हणाली, राहू दे रे बाळा, मेकॅनिकला बोलाव. म्हटलं, नवीन पार्टला रुळायला वेळ लागतो. नवी चप्पल नाही का चावत?

जुना कॉन्टॅक्टर आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवला. माझ्या कॅरमच्या कपाशेजारी.

शुक्रवार, ८ मे. सकाळी १०

अजून रुळतोय. आईच्या मानेवर घामोळं आलंय. ती मावशीशी फोनवर बोलताना बॅगेचा विषय निघाला. इन्शुलेशन टेप कमी पडली असणार, दुसरं काय! आणायला निघालो.

दुपारी १

रुळला!! टेप घेऊन आलो तर खोली गारेगार. आई चादर ओढून पडलेली. टेपची गरजच पडली नाही. आईने डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, गुणाचं माझं लेकरू. डोळ्यांत पाणी आलं. मावसभावाला फोटो पाठवला. माझा, एसीसकट.

शनिवार, ९ मे

मावसभाऊ आला, चहा पिऊन एकटाच गेला. त्याला कॉन्टॅक्टर या विषयावर अर्धा तास दिला. शेजारच्या काकांचा एसीही बिघडलाय. उद्या संध्याकाळी येतो म्हणून सांगितलं.

टूथपेस्ट बदलायला हवी. कालपासून दाताखाली कचकचते.

रविवार, १० मे. सकाळी ९

काकांना दाखवायला म्हणून शोकेसमधला जुना कॉन्टॅक्टर काढला. चकचकीत! वर चारशे पंधरा लिहिलेलं. हा तर नवा. मग युनिटमध्ये कोण बसलाय?

आईला विचारलं. आधी तिने छताकडे पाहिलं. मग म्हणाली, तू टेप आणायला गेलास तेव्हा मेकॅनिकला मीच बोलावलं. जुन्यात मुंग्या मरून अडकल्या होत्या. त्याने त्या झाडल्या, तोच परत बसवला. तुझा कारखान्यातल्या मशीनला लागतो म्हणे. तो तुझ्या कपाशेजारी ठेवायला सांगितला. म्हटलं, तुला वाईट नको वाटायला. आणि मला तिकडे जायचंच नव्हतं रे.

पलंगापाशी खाली बसलो. फार लाज वाटली. काकांना आता काय सांगू, विचारलं. तिने उशीखालून मेकॅनिकचं कार्ड काढून दिलं.

उठता उठता सहज विचारलं, मुंग्या झाडल्या कशाने? म्हणाली, त्याने जुना ब्रश मागितला. मी त्याला म्हटलं, बेसिनवर एक झिजलेला निळा पडलाय, तो घे. चांगला माणूस, काम झाल्यावर जागच्या जागी ठेवून गेला.

निळा माझा आहे.