रणगाड्यावरची धूळ पुसू नये

मी, गोकुळदास महादेव गावस, वय चौऱ्याहत्तर, राहणार मुळगाव, तालुका डिचोली, गोवा, पूर्वीचा धंदा खाणीवर टिपर चालवणे, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरने तसे लिहून दिले आहे. खात्रीसाठी बायको सुशीला हिलाही विचारले. ती म्हणाली, "होतां तितकां आसा." मला कोणी दारू पाजलेली नाही की भीती घातलेली नाही. भीती मला मुळातच वाटते, ती कोणी घालावी लागत नाही. शिक्षण मराठी तिसरीपर्यंत, तेव्हा शब्द चुकला तर अर्थ धरावा.

यापूर्वी दोनदा मृत्युपत्र लिहायला घेतले होते, पण त्या दोन्ही वेळी छातीत धडधडले म्हणून फाडून टाकले. तेव्हा हाच कागद खरा मानावा.

कलम पहिले, घर. हे घर मी सगळे सुशीलाला देणार होतो. तसे डिचोलीला नोटरीबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "बाबा, अर्धे घर लग्नाच्या दिवसापासून त्यांचेच आहे. ते तुम्ही कसे देणार? उरलेल्या अर्ध्यातले अर्धे कायद्याने मुलाचे. तुमच्या मर्जीवर राहिले रुपयातले चार आणे." मी उठलो. बाहेर यशवंत थांबला होता. यशवंत म्हणजे माझ्याबरोबर खाणीवर टिपर चालवणारा, माझा जुना मित्र. त्याला सांगितले तर म्हणतो, "म्हणजे इतकी वर्सां तू तिच्या घरात फुकट रवलंस रे!"

कायदा आहे तर आहे. माझे चार आणे मी असे देतो.

कलम दुसरे, उत्तरेकडची खोली. घराची उत्तरेकडची खोली, तिचे मोठे जनेल, त्याखालचे शिवणीचे मेज, मेजावरचा वाकणारा दिवा आणि भिंग, हे सर्व माझ्या हिश्श्यातून सुशीलाला दिले आहे. त्या जनेलातून दिवसभर सारखा उजेड येतो, ऊन येत नाही. मेजाच्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे ती काढू नये, मेज हलते. वरचे एक कौल सरकलेले आहे. मिरग लागण्याआधी ते बघावे. मी असेन तर मी बघेनच.

ही खोली वेगळी काढून देण्याचे कारण लिहितो. आमचा एकुलता मुलगा गुरुदास पर्वरीला राहतो, चांगली नोकरी आहे, स्वभावाने गुणी आहे. तो म्हणतो की माझ्यामागे आईला फ्लॅटमध्ये नेईन आणि हे घर भाड्याने देईन. फ्लॅट मी पाहून आलो. स्वच्छ आहे, लिफ्ट आहे. मी विचारले, "आवयचे मेज खंय ठेवतलंस?" तो म्हणाला, "बाबा, ह्या वयात रणगाडे पुरे झाले आता." तेव्हापासून माझे जेवण अंगी लागत नाही. तिथे तिला दोन वेळा गरम जेवण मिळेल, टीव्ही मिळेल, आणि तिचे हात मांडीवर पडून राहतील. ते हात मी तसे कधी बघितलेले नाहीत. ती केरीची, रापणकारांच्या घरातली. लहानपणापासून जाळ्यांची भोके सांधलेली.

कलम तिसरे, रणगाडा. हे कलम लांब आहे. नोटरीबाईंनी दम खाऊन वाचावे.

गुरुदासला ऑफिसच्या सोडतीत एक पेटी लागली होती. आत प्लास्टिकचे शेकडो तुकडे, जुळवून वाळवंटातला आजकालचा रणगाडा करायचा. त्याने ती आमच्या माळ्यावर टाकली. सुशीला रोवळी शोधायला माळ्यावर चढली आणि पेटी घेऊन उतरली. झाकणावर चित्र होते. ती म्हणाली, "पळया हो, ह्या गाडयेर केवडी धूळ! आणि ती कोणी तरी रंगवल्या!"

मी म्हटले, "आता हां करतलंस? डोळे जातले. बोट कापतला. तो डिंक विषारी असतलो."

"तुमी गप बसा आणि माका नखां कापूचां कटर देया."

त्या कटरने तिने तुकडे तोडले, कानशीने कडा घासल्या. कागदावरचे लिहिणे परक्या भाषेत होते, पण चित्रे होती, ती तिला पुरली. पट्ट्याचा एकेक दुवा वेगळा, तांदळाएवढा. एक दुवा खाली पडला तर मी झाडू धरून दारात उभा राहत असे, कोणी बाहेर पाऊल टाकू नये म्हणून. तयार झाला तेव्हा तो एक वीत आणि वर चार बोटे भरला.

मग रंग. आधी तिने तो सगळा काळसर केला. मी घाबरलो, वाटले बिघडला. मग वर वाळूचा रंग इतका पातळ दिला की खाचांत खालचा काळा राहिला आणि पत्रा एकदम जाड, जड दिसायला लागला. प्लास्टिक लोखंड झालेले मी या डोळ्यांनी पाहिले. रंग उडाल्याच्या खुणा तिने भांडी घासायच्या स्पंजच्या चिमटीने उठवल्या. धुरांड्याभोवती दिव्याची काजळी चोळली. मागे गुंडाळलेली ताडपत्री आहे ती कागदी रुमाल डिंकात भिजवून केलेली आहे. ओढायचा दोर तांब्याच्या तारा पिळून. वायरलेसची काठी म्हणजे आमच्याच माडाच्या झाडूचा हीर, तासून तासून केसाएवढा केलेला. काचांना निळसर नेलपॉलिश लावले ते विनोदिनीचे. विनोदिनी आमची सून, हे आधी लिहायचे राहिले.

राहिली धूळ. तिने केरीहून किनाऱ्याची वाळू आणली, वस्त्रगाळ केली, पण रणगाड्यावर घातल्यावर ती धोंड्यांसारखी दिसू लागली. मग खडू किसून त्यात मुलतानी माती मिसळली. ती तरी वाळवंटाच्या बाजूची, असे तिचे म्हणणे. कुंचल्याने ती चढवत चढवत तिचा सबंध उन्हाळा गेला.

मागच्या चतुर्थीला घर धुवायला विनोदिनी चार दिवस आधी आली. आमच्या रस्त्यावरून दिवसभर खाणीचे ट्रक जातात, जनेल उघडे ठेवले तर तासाभरात मेजावर बोटाने नाव लिहिता येते. मुळगावात येऊन धूळ पुसली नाही ती सून कसली? तिने ओले फडके घेतले आणि रणगाडा लखलखीत करून ठेवला. वर कौतुकाने हाक मारली, "आई, बघा तरी, किती दिवसांची धूळ होती!"

मी तिच्या हातातले फडके काढून घेतले. सुशीला मेजापाशी गेली, वाकून बघितले, आणि म्हणाली, "बरां केलंस गो बाय. आधी जरा जास्तच लागली होती." त्या दिवशी चहात साखर पडली नाही. तिचा राग तो एवढाच. माझा अजून गेलेला नाही, पण विनोदिनीने मनाने चांगलेच केले होते हेही इथे नोंदवून ठेवतो.

चतुर्थी झाल्यावर सुशीलाने मला मेजापाशी बसवले. "तुमी जल्मभर धुळीत काडलात. सांगा माका, गाडयेर धूळ खंय बसता?"

मला इतके महत्त्वाचे कोणी कधी विचारले नव्हते. मी सगळे सांगितले, चाकामागे कशी थापते, कोपऱ्यात कशी साचते, तांबडी, चिकट. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ही तुमच्या खाणीची झाली. वाळवंटातली सुकी. ती चिकटना, नुसती बसान रवता."

मला वाटले आपले सगळे फुकट गेले. जाता जाता म्हटले, "पायरीर मात्र धूळ रवना. ड्रायव्हर चढता-उतरता, थंयची पुसली जाता."

तिने हातातला कुंचला खाली ठेवला. "ह्यां आधी कित्याक सांगूक नाय?"

मग तिने सगळी धूळ नव्याने चढवली आणि आत शिरायच्या झाकणाच्या कडेला, जिथे पाय पडतो, हात टेकतो, तिथली करंगळीने हलकेच पुसली. तेवढ्याने त्या रणगाड्यात माणसे आली. आता त्याच्यातून कोणी तरी उतरून पाणी प्यायला गेले आहे असे वाटते. मी टिपर जन्मभर चालवले, पण गाडीकडे इतके नीट मी कधी पाहिले नव्हते.

दिवाळीला विनोदिनी आली. मेजाकडे गेली, हातात फडके होते, आणि थबकली. "आई, ही खरी की रंगवलेली?"

सुशीला हसली. जनेलातून आलेली खरी धूळही त्या रंगवलेल्या धुळीवर रोज बसते. खरी कुठली आणि तिची कुठली हे तिला एकटीलाच कळते. सकाळी मऊ कुंचल्याने ती फक्त खरी झाडते. मला भिंगातूनही फरक दिसत नाही.

हा रणगाडा मी कोणाला देत नाही. तो माझा नाही. घरातल्या वस्तूंची यादी होईल तेव्हा त्याला यादीत धरू नये. यशवंत म्हणतो हे कलमच फुकट आहे. असू दे. लिहून ठेवलेले बरे.

सुशीला सोडून कोणी त्याला हात लावू नये. माझा फोटो भिंतीवर लावाल त्याच्यावरची धूळ खुशाल ओल्या फडक्याने पुसावी.

कलम चौथे, किरकोळ. माझा जॅक आणि पान्यांची पेटी यशवंतला आधीच देऊन टाकली, कारण तो साक्षीला आहे. पेटीचा खिट्टा डावीकडे दाबून उघडतो, जोर लावू नये. शेजारचे कृष्णनाथ यांना माझा रेडिओ. त्यांनी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीपाशी चारचौघांत विचारले होते, "गोकुळदास, तुझी बायल रणगाडो घेऊन कोणार चाल करून वता?" मग एकदा मी त्यांना आत नेऊन रणगाडा दाखवला. ते परत दाराशी गेले आणि चपला बाहेर काढून पुन्हा आत आले. त्याबद्दल रेडिओ.

कलम पाचवे, गुरुदासला. बाळ, तुझा हिस्सा तुला मिळेल, त्यात मी बोट घातलेले नाही. आईला पर्वरीला न्यायची तर आठ दिवसांसाठी ने, चांगले खायला घाल आणि आणून सोड. घर भाड्याने द्यायचे तर तुझा भाग दे, भाडेकरू सिगरेट ओढणारा नको. ती एकटी राहील याची काळजी मलाही आहे, तुझ्यापेक्षा जास्त आहे. पण मेजापाशी बसलेली असली की ती एकटी नसते, हे मी बाजूला बसून पाहिलेले आहे.

कलम सहावे. तांदळाच्या पिंपामागे गोणपाटात बांधलेली एक पेटी आहे. पणजीहून यशवंतकडून आणवली. माझे बारावे झाले, पाहुणे गेले, की ती सुशीलाच्या मेजावर ठेवावी. आत रणगाडा वाहून नेणारा मोठा ट्रेलर आहे, म्हणजे तिचा रणगाडा त्याच्यावर बसेल, मापे मी दुकानात फोन करून विचारून घेतली आहेत. चाके पुष्कळ आहेत, तुकडे पहिल्यापेक्षा दुप्पट. तिला पुरेल. ती म्हणेल आता नको, डोळे दुखतात. तिच्याशी वाद घालू नये. नखे कापायचे कटर पेटीशेजारी ठेवावे आणि बाहेर यावे.

ट्रेलरला धूळ कुठली लावायची ते तिने ठरवावे. फक्त ड्रायव्हरच्या पायरीवर लावू नये.

वर लिहिलेले सर्व मी वाचून, पुन्हा वाचून, काळजी करून, आता खाली सही करतो.

गोकुळदास महादेव गावस

आमच्यासमोर सही केली, आधी पेन तीनदा तपासून:
साक्षीदार १. यशवंत भिकाजी परब, मुळगाव
साक्षीदार २. गोपाळ सखाराम मळीक, लाटंबार्से

मुळगाव, डिचोली. ता. ९ डिसेंबर २०११.

सहीनंतर सुचले म्हणून: कृष्णनाथ यांना रेडिओ मिळणार म्हणून साक्षीला घेतलेले नाही, त्यांनी राग मानू नये. आणि हा कागद मी जिवंत असेपर्यंत सुशीलाला दाखवू नये. पेटी सापडली तर ती आजच उघडेल.