खिळ्यावरची रोटी

मर्गिलान, १२ ऑक्टोबर

तुरगुन-आका,

सलाम. मी भावाकडे सुखरूप पोचले. वहिनी बरी आहे. डाळिंबं उतरली, यंदा गोड आहेत. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या चहाच्या डब्यामागे ठेवल्यात. जेवणानंतर घ्यायच्या, आधी नाही.

येताना बसमध्ये तुमचं पुस्तक वाचून संपवलं. तुमच्याबरोबर तुरुंगातून सुटलेल्या दोघांचीही वाचली होती. तिघांचं म्हणणं एकच, की आत दिवस सरता सरत नाही आणि वर्ष कधी गेलं ते कळत नाही. पटलं मला. शिक्षा संपत आली की रांगेत बूट वाकडे ठेवले म्हणून आणखी तीन वर्षं, हेही चांगलं लिहिलंय. शेवट ठाऊक नसला की माणूस दिवस मोजणंच सोडतो, हे वाचून मी रडले. शेजारच्या म्हातारीने मला मूठभर सुके जर्दाळू दिले.

मग रोटीचं प्रकरण आलं. ते लोक तुम्हाला न्यायला आले, तेव्हा सासूबाईंनी सैन्यात निघालेल्या मुलाला लावतात तसा तुम्हाला ताज्या रोटीचा घास तोडायला लावला. "आई, दोन तासांची चौकशी आहे. रोटी कसली टांगताय?" म्हणून तो अधिकारी हसला. उरलेली रोटी खिळ्यावर गेली, तुम्ही परत येऊन संपवायची म्हणून. इथपर्यंत खरं आहे. पुढे तुम्ही लिहिता, 'घरातही काळ थांबला होता. भिंतीवर रोटी आणि खाली मुनिसा, दोघी जशाच्या तशा माझी वाट पाहत होत्या.'

जशाच्या तशा? मला काय खिळ्यावर टांगलं होतं? मी रोज कारखान्यात रंगवायच्या रेशमाचे धागे बांधायला जात होते, सासूबाईंची पाठ शेकत होते, शेजारणींची बाळंतपणं करत होते. केस पिकत होते माझे. तुमची वर्षं सरकारने चोरली. माझी कोणी चोरली, ते लिहायची हिंमत तुम्हाला झाली नाही.

भेटीचं पान तुम्ही गाळलंत. दुसऱ्यांदा शिक्षा वाढली, तेव्हा मी वाळवंट ओलांडून आले होते. काचेपलीकडे तुम्ही. मी म्हणाले, "एकतीस वर्षांची झाले मी. मला मूल हवंय. मला मोकळं करा."

आणि तुम्ही म्हणालात, "ज्या दिवशी ती रोटी उतरवशील, त्या दिवशी मी इथे मेलो म्हणून समज."

झालं. एका वाक्यात तुम्ही मलाही शिक्षा ठोठावलीत, किती वर्षांची ते न सांगता. डोळे मिटायच्या आधी सासूबाई म्हणाल्या, "पोरी, उतरव ती. तुझं वय चाललंय. पाप लागलं तर मला लागू दे." मी स्टुलावर चढलेही. हात पुढे होईना. तुम्ही परतलात तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. तुम्ही ती रोटी चहात भिजवून खाल्लीत, सगळी गल्ली रडली. बाई, तुझं काय, असं एकानेही विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही.

आता पुस्तकाच्या ताश्कंदमधल्या समारंभात मी रोटीचं ताट धरून तुमच्या शेजारी उभं राहायचं, आणि प्रकाशकाला तो खिळाही हवाय म्हणे. मी येणार नाही. खिळाही मिळणार नाही, तो कामात आहे.

निघायच्या सकाळी मी तंदुरात रोटी लावली, तिचा घास तोडला आणि उरलेली त्याच खिळ्यावर टांगली. तुमचं लक्ष गेलं नसेल. त्या भिंतीकडे बघायची सवय मला आहे, तुम्हाला नाही.

ते पान लिहा, तुमच्या त्या वाक्यासकट. मग मी येईन की नाही, आणि कधी, ते आज सांगत नाही. दिवस सरणार नाहीत, पण तुम्हाला अनुभव आहे.

आणि रोटी हवी तेव्हा उतरवा. त्यामुळे मी मरणार नाही.

अजून तरी तुमचीच,
मुनिसा