पोंक्ष्यांचं रान आणि मी

लोणावळा, ६ सप्टेंबर १९३६
संपादकांचं कार्ड. दिवाळी अंकात निसर्गावर एकच लेख घेणार. म्हणजे माझाच. भाजे गावात खोली घेऊन राहिलेले ते पोंक्षेही लिहिताहेत म्हणे. लिहोत बिचारे. गेल्या वर्षी त्यांचा छापला, ही संपादकांची चूक. उद्यापासून पहाटे रानात.

७ सप्टेंबर
धुकं. रानात जाऊन रान दिसलं नसतं. खिडकीतून निरीक्षण केलं. धुकं दिसलं.

९ सप्टेंबर
पहिलं वाक्य झालं: ‘निसर्ग अथांग आहे.’ फर्स्ट क्लास. बुटांना बुरशी आल्यामुळे बाहेर पडणं अशक्य. हिनं पोंक्ष्यांचा जुना लेख मोठ्यानं वाचला आणि चक्क ‘वा!’ म्हणाली. माझं वाचून झालं की ‘संपलं का?’ म्हणते.

१४ सप्टेंबर
बाजारात पोंक्षे भेटला. पोटऱ्यांवर जळवांच्या खुणा. मुद्दाम धोतर वर खोचलेलं. मला त्याचा हेवा बिलकुल वाटत नाही. फक्त त्याला एवढ्या जळवा चावाव्यात आणि मला एकही नाही, हा अन्याय आहे.

२६ सप्टेंबर
ठरलं. तो नेमका कुठं जातो ते गुपचूप बघायचं. जागा कळली की त्याच्याहून सरस लेख एका बैठकीत.

२७ सप्टेंबर
मळवलीला उतरलो. मफलरनं तोंड झाकलं. पोंक्षे पुढे, मी मागे. दिवस कलताना तो एका माळ्याखाली थांबला. वर पीक राखणारी कोणी झुंबरबाई. दोघांच्या गप्पा. ऐकू येईना म्हणून नाचणीत शिरून रांगत पुढं सरकलो. ताटं हलली असावीत. बाई ओरडली, डुक्कर शिरलं! गोफणीचा दगड थेट पाठीत. मग म्हणाली, लय मोठं हाय, हटत न्हाई! दुसरा दगड. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पोंक्ष्याला काही कळलेलं नाही.

४ ऑक्टोबर
पालथा पडून लेख पुरा केला. पोस्टात टाकला. पोंक्षे काय लिहिणार? त्यानं तर सगळा वेळ बाईशी बोलण्यात घालवला.

८ नोव्हेंबर
अंक आला. त्याच टपालानं माझा लेख परत. पोंक्ष्याचा पहिल्या पानावर, झुंबरबाईच्या राखणीबद्दल. जळजळ झाली. ही वाचता वाचता हसून खालीच बसली. मीही वाचला, केवळ दोष काढायला. डुकराला मफलर होता म्हणे. पहिल्या दगडाला ‘अगं आई गं’ म्हणालं, दुसऱ्याला ‘अहो पोंक्षे, मी आहे!’ नाव छापलेलं नाही.
लेख सामान्य आहे. डुक्कर मात्र हुबेहूब उतरलंय.